महामार्गाचे रुंदीकरण सुरू असतानाच फायबरसाठी रिकामी नळी टाकून घेता येईल का?

कयाधूकाठ

सर्वांना नमस्कार. आमचे गाव हिंगोली जिल्ह्यात, एका राज्य महामार्गावरील फाट्यापासून साधारण दीड किलोमीटर आत आहे. या महामार्गाचे रुंदीकरण आणि काँक्रीटीकरण सध्या चालू असून फाट्याच्या अलीकडच्या टप्प्यात दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्या खोदून झाल्या आहेत आणि जुन्या मोऱ्या पाडून नव्या बांधल्या जात आहेत. पावसाळ्यापूर्वी काम फाट्यापर्यंत येईल, असे दिसते.

आमच्या ग्रामपंचायतीत शासकीय योजनेतून फायबर पोहोचली होती. ती चालू होती तोवर महा ई-सेवा केंद्र, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र या तिन्ही ठिकाणी तिचा उपयोग होत होता. पुढे याच मार्गावरच्या खोदकामात ती तुटली, जोडली गेली आणि पुन्हा तुटली. आता पंचायतीतले यंत्र नुसते भिंतीवर टांगलेले आहे. ई-पीक पाहणीची मुदत असते किंवा अकरावीचे प्रवेश चालू असतात, तेव्हा शेतकरी आणि मुले सिग्नल मिळावा म्हणून फाट्यावर जाऊन उभी राहतात.

रस्ता एकदा काँक्रीटचा झाला की पुढे कित्येक वर्षे त्याला कोणी हात लावू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून रस्ता उघडा आहे तोवर त्याच्या कडेने प्लास्टिकची रिकामी नळी पुरून ठेवावी, म्हणजे पुढे कोणत्याही कंपनीला पुन्हा न खोदता तिच्यातून फायबर नेता येईल, असा ठराव ग्रामसभेत मांडण्याचा माझा मानस आहे. निविदा निघून काम सुरू झालेले असताना अशी मागणी मान्य होऊ शकते का, ती कोणाकडे करायची, आणि नळी टाकली तर तिची मालकी व देखभाल कोणाकडे राहते, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मैलाचा दगड

माझी सारी नोकरी सार्वजनिक बांधकाम विभागात रस्त्यांच्या आणि पुलांच्या कामांवर झाली. त्यामुळे आपली मागणी विभागाच्या टेबलावर गेल्यावर तिच्याकडे कसे पाहिले जाईल, ते आधी सांगतो.

चालू कामात नवी गोष्ट घालायची म्हणजे ती 'जादा बाब' ठरते. मूळ अंदाजपत्रकात तिचा दर नसतो, म्हणून दराचे पृथक्करण, म्हणजे साहित्य-मजुरीचा हिशेब मांडून दर ठरवणे, करावे लागते आणि रकमेनुसार कार्यकारी अभियंता किंवा अधीक्षक अभियंता यांची मंजुरी घ्यावी लागते. मागणी जितकी मोठी, तितकी फाईल वर जाते, आणि ती परत येईपर्यंत काम आपला फाटा ओलांडून पुढे निघून गेलेले असते. महामार्गाच्या संपूर्ण लांबीत नळी टाका, असे आपण म्हटलेत, तर ते चुकीचे मुळीच नाही. परंतु या टप्प्यावर ते मंजूर होण्याची शक्यता मला फार कमी वाटते. माझा आग्रह असा आहे, की रस्त्याला आडव्या जाणाऱ्या नळ्या आणि पुलांमधल्या नळ्या, एवढीच मागणी करावी आणि ती मात्र सोडू नये.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रस्त्याच्या कडेने, हद्दीच्या टोकाला, गटाराच्या पलीकडे चर खणणे हे काम पाच वर्षांनीही करता येते. आपल्याकडच्या काळ्या मातीत ते जेसीबीने सहज होते, आणि त्याने रस्त्याला धक्का लागत नाही. रस्ता ओलांडणे ही गोष्ट वेगळी आहे. काँक्रीटचा रस्ता कापायला परवानगी मिळत नाही. मग आडवे ड्रिलिंग करणारे यंत्र आणावे लागते. एका फाट्यासाठी असे यंत्र दुरून आणण्याचा खर्च कोणतीही लहान कंपनी करत नाही, आणि खाली कठीण मुरूम किंवा खडक लागला, तर तोच खर्च आणखी वाढतो. तीच गोष्ट पुलाची. पूल बांधताना पदपथाच्या किंवा कठड्यालगतच्या काँक्रीटमध्ये दोन नळ्या ठेवून द्यायला फारसे काहीच लागत नाही. त्या ठेवल्या नाहीत, तर पुढे कोणीतरी कठड्याच्या बाहेरून लोखंडी पाइप क्लॅम्पने अडकवतो, आणि पहिल्या मोठ्या पुरात वाहून आलेली झाडे तो घेऊन जातात. मोरीच्या आतून, पाणी वाहते तिथून, केबल नेण्याचा मोह ठेकेदारांना होतो; त्याला आपण स्पष्ट विरोध करावा, कारण त्यात केबलही जाते आणि मोरीही तुंबते.

आडव्या नळीसाठी ११० मिलिमीटर व्यासाची जाड एचडीपीई (टणक प्लास्टिकची) नळी मागावी, म्हणजे पुढे तिच्यातून ४० मिलिमीटरच्या तीन स्वतंत्र नळ्या जाऊ शकतात आणि एकाच कंपनीची मक्तेदारी होत नाही. ती रस्त्याच्या पृष्ठभागापासून किमान १.२ मीटर आणि गटाराच्या तळापासून किमान ०.३ मीटर खाली असावी. दोन्ही टोके गटाराच्या बाहेर, रस्त्याच्या हद्दीजवळ काढून तिथे काँक्रीटचे छोटे चेंबर बांधावे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे नळीभोवती मुरूम किंवा वाळू नीट दाबून भरणे गरजेचे आहे. नाहीतर एका बाजूला भराव खचतो आणि नळीचा जोड निखळतो.

एवढी मागणी असेल, तर उपअभियंता ती सहानुभूतीने पाहतील, असे मला अनुभवाने वाटते. आपला ठराव कार्यकारी अभियंत्यांना द्यावा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावी. आपल्या मार्गावर आणखी ज्या गावांचे फाटे येतात, त्या सर्व ग्रामपंचायतींचे ठराव एकत्र गेले, तर त्यांचे वजन पडते.

जोडकाम

मी सोलापूर जिल्ह्यात घरगुती इंटरनेट सेवा देण्याचा व्यवसाय करतो आणि फायबर टाकण्याची, जोडण्याची कामेही घेतो. वरील प्रतिसाद अत्यंत उपयुक्त आहे. त्यात जमिनीवर काम करणाऱ्याच्या बाजूने काही भर घालतो.

नळी टाकलेली असणे आणि नळी वापरता येणे यांत पुष्कळ अंतर असते. कागदावर नळी असलेले कितीतरी रस्ते मी पाहिले आहेत, जिथे प्रत्यक्ष गेल्यावर चेंबरच सापडत नाही, कारण नंतरच्या भरावात ते गाडले गेलेले असते. चेंबर सापडलेच, तर नळीचे तोंड उघडे राहिल्यामुळे आत चिखल बसलेला असतो किंवा उंदरांनी बिळे केलेली असतात. काही ठिकाणी नळी मधेच चपटी झालेली असते, कारण भराव करताना रोलर थेट तिच्यावरून गेलेला असतो. आम्ही फायबर नळीत हाताने ओढत नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने ती आत सोडली जाते, आणि नळी अखंड, स्वच्छ आणि हवाबंद असली तरच ती दूरवर जाते. एका ठिकाणी नळी दबलेली असली, तर तिथे पुन्हा खोदावे लागते आणि सगळा फायदा तिथेच संपतो.

म्हणून आपल्या मागणीत पुढील गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. नळीच्या दोन्ही तोंडांना बुचे बसवलेली असावीत आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवलेली असावी. नळीच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित लहान लाकडी किंवा धातूचा ठोकळा एका टोकाने घालून दुसऱ्या टोकाने बाहेर काढून दाखवावा. ही चाचणी अर्ध्या तासाची आहे, आणि तिच्याने नळी चपटी झाली आहे की नाही, ते तिथल्या तिथे कळते. प्रत्येक चेंबरजवळ दगडी किंवा काँक्रीटचा खांब रोवावा, आणि चेंबरचे अक्षांश-रेखांश व खोली लिहिलेला नकाशा पंचायतीच्या दप्तरात ठेवावा. हा नकाशा नसेल, तर दहा वर्षांनी ती नळी कोणाच्याही उपयोगाची राहत नाही, हे मी फार गंभीरपणे सांगतो.

आणखी एक मुद्दा. फाट्यापासून गावापर्यंतचा दीड किलोमीटर रस्ता बहुधा जिल्हा परिषदेच्या ताब्यात असेल. महामार्गाखालून नळी मिळाली, तरी त्या रस्त्याच्या कडेने चर खणायला जिल्हा परिषदेची वेगळी परवानगी लागते, तेव्हा तो अर्ज आत्ताच करून ठेवावा. आमच्यासारख्या लहान सेवादात्यांना गावात यायची इच्छा असते, परंतु रस्ता ओलांडण्याच्या एका ठिकाणावर आमचा हिशेब अडतो. ते ठिकाण तयार मिळाले, तर पुढचा दीड किलोमीटर आम्ही स्वतःच्या खर्चाने करू शकतो.

सरळ प्रश्न

चर्चा चांगली चालली आहे, तरीही एक शंका विचारतो. आता ५जीचे टॉवर सर्वत्र उभे राहत आहेत आणि उपग्रहावरून इंटरनेट देण्याच्या गोष्टीही चालल्या आहेत. अशा वेळी जमिनीखालच्या नळ्यांवर सार्वजनिक पैसा घालणे खरोखर आवश्यक आहे का?

जोडकाम

आवश्यक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. टॉवर हवेतून सिग्नल देतो, परंतु टॉवरला स्वतःला जोडणारी वाहिनी फायबरची नसेल, तर त्याच्याखालच्या सर्व लोकांना मिळून थोडीच क्षमता वाटून घ्यावी लागते. म्हणूनच राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियान २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाले, तेव्हा फायबरने जोडलेल्या टॉवरचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले गेले. मूळ प्रश्नात ज्या फाट्यावर लोक सिग्नलसाठी उभे राहतात, त्या फाट्यावरच्या टॉवरलाही ही नळी उपयोगी पडेल. उपग्रहाची सेवा डोंगरातल्या एकाकी वस्तीला निश्चित उपकारक ठरेल. महामार्गापासून दीड किलोमीटरवरच्या गावासाठी मात्र ती पहिली निवड असू नये.

हक्कमार्ग

दूरसंचार वाहिन्यांच्या परवानग्या मिळवून देण्याचे काम मी करते. कायद्याची बाजू कोणी मांडलेली नाही, म्हणून लिहीत आहे.

रस्त्याच्या हद्दीतून तारा नेण्याच्या परवानगीसाठी देशभर एकसारखे नियम प्रथम नोव्हेंबर २०१६ मध्ये आले. जमिनीखालच्या वाहिनीसाठी प्रशासकीय शुल्क किलोमीटरला १,००० रुपयांपेक्षा जास्त असू नये आणि अर्जाचा निर्णय ६० दिवसांत व्हावा, असे त्यांत होते. त्यानंतर २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि त्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. या प्रश्नाच्या दृष्टीने त्या कायद्यातली एक तरतूद फार महत्त्वाची आहे. केंद्र सरकार काही पायाभूत प्रकल्प किंवा प्रकल्पांचे प्रकार अधिसूचित करून त्यांच्यासोबत सामाईक नळ्या किंवा केबलमार्ग उभारणे आवश्यक ठरवू शकते, आणि अशा नळ्या सर्व सेवादात्यांना खुल्या ठेवाव्या लागतात. लक्षात घ्यावे, की हा सरकारला दिलेला अधिकार आहे; प्रत्येक नव्या रस्त्याखाली नळी असलीच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. त्यामुळे राज्य महामार्गावर आज ही गोष्ट मागून घ्यावी लागते.

राष्ट्रीय महामार्गांवर परिस्थिती थोडी पुढे गेलेली आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२३ मध्ये महामार्गांच्या कडेने सुमारे १०,००० किलोमीटर फायबरचे जाळे २०२४-२५ पर्यंत उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आणि सुरुवातीला १,३६७ किलोमीटरचा दिल्ली–मुंबई द्रुतगती महामार्ग व ५१२ किलोमीटरचा हैदराबाद–बेंगळुरू मार्ग निवडला. दिल्ली–मुंबई मार्गावर त्यासाठी तीन मीटर रुंदीची वेगळी पट्टीच राखलेली आहे. अशी पट्टी आराखड्यातच असणे ही उत्तम पद्धत आहे, आणि राज्याच्या प्रत्येक मोठ्या रस्त्यासाठी ती सक्तीची व्हावी, असे मला मनापासून वाटते. मात्र द्रुतगती मार्गाबाबत एक काळजी घ्यावी लागते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग १० जिल्ह्यांमधून जातो, परंतु तो कुंपण घातलेला, ठरावीक ठिकाणीच प्रवेश देणारा मार्ग आहे. अशा मार्गाच्या कडेने फायबर गेली, तरी ती बाहेर काढण्याच्या जागा नियोजनात ठरवलेल्या नसतील, तर लगतच्या गावांना तिचा काही उपयोग होत नाही.

आपली फायबर पुन्हा पुन्हा तुटते, त्याविषयीही नियम आहेत. जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार खोदकाम करणाऱ्या संस्थेने आधी सामाईक पोर्टलवर सूचना देणे आवश्यक आहे आणि वाहिनीचे नुकसान झाल्यास भरपाईची जबाबदारी तिच्यावर येते. त्याच वर्षी मार्चमध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप याचसाठी सुरू झाले. आपल्या मार्गावरच्या ठेकेदाराने अशी सूचना दिली आहे का, हे पंचायतीने लेखी विचारावे. तसेच राज्याच्या मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली राज्य ब्रॉडबँड समिती असते. ठरावाची एक प्रत तिलाही जावी.

वासाच डोंगर

मी अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्थापत्य अभियंता म्हणून काम करतो. हा विषय इथे अनेक वर्षे चर्चेत आहे, आणि त्यातला काही अनुभव आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतो.

रस्ता खोदताना नळी घालावीच, असे बंधन केंद्रीय निधीच्या महामार्गांवर घालणारे विधेयक कॅलिफोर्नियाच्या प्रतिनिधी ॲना एशू यांनी २००९ मध्ये प्रथम मांडले. जून २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या आदेशाने केंद्रीय विभागांना या दिशेने काम करायला सांगितले गेले. प्रत्यक्ष कायदा २०१८ च्या मार्चमध्ये झाला आणि त्याचे नियम मार्च २०२२ पासून अमलात आले. पण त्यांत सक्ती राहिली नाही. प्रत्येक राज्याच्या वाहतूक विभागाने ब्रॉडबँडसाठी एक समन्वयक नेमावा, इंटरनेट कंपन्यांची नोंदणी करावी आणि रस्त्याच्या नियोजित कामांची माहिती त्यांना वेळेवर द्यावी, एवढेच बंधन आहे. नळी घालायलाच हवी असे नाही, आणि तिच्यासाठी वेगळा पैसाही नाही. मला हे अपुरे वाटते. तरीही आगाऊ सूचना मिळणे ही लहान गोष्ट नाही. महाराष्ट्रात पुढच्या वर्षी कोणता रस्ता खोदला जाणार आहे, हे लहान सेवादात्याला सहा महिने आधी कळले, तर तो स्वतःची नळी घेऊन येऊ शकतो.

यूटाने कायद्याची वाट पाहिली नाही. इथला वाहतूक विभाग गेली अनेक वर्षे रस्त्यांच्या कामात स्वतःच्या सिग्नल आणि कॅमेऱ्यांसाठी नळ्या घालतो, त्यात जास्तीची जागा ठेवतो आणि दूरसंचार कंपन्यांशी अदलाबदल करतो. विभाग कंपनीला एका भागात नळी वापरू देतो आणि कंपनी दुसऱ्या दुर्गम भागात विभागाला फायबर देते. दोघांचेही जाळे वाढते आणि रोख पैसा फारसा हलत नाही. नळी वाहतूक विभागाच्या स्वतःच्याही कामाची असल्यामुळे तिची देखभाल होते, हे मला या पद्धतीचे खरे बळ वाटते.

खर्चाविषयी अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ मध्ये दिलेले आकडे 'मैलाचा दगड' यांच्या सल्ल्याला पुष्टी देतात. एकदाच खोदण्याच्या पद्धतीने शहरी भागात २५ ते ३३ टक्के बचत होऊ शकते, तर ग्रामीण भागात ती सुमारे १६ टक्के असते, असा तो अंदाज होता. शहरात खोदणेच महाग असते, म्हणून तिथे बचत मोठी दिसते; ग्रामीण भागात मोकळ्या कडेने चर खणणे स्वस्त पडते. म्हणजे खेड्यात पूर्ण लांबीपेक्षा पूल, खडकाळ पट्टे आणि आडवे मार्ग यांतच खरी बचत दडलेली असते.

कयाधूकाठ

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. आमच्या फाट्यावर एक आणि त्यापुढच्या ओढ्यावरील पुलावर दोन, अशा नळ्यांची मागणी मी ठरावात घेत आहे, आणि पुढच्या गावांच्या सरपंचांशीही बोललो आहे. मालकीचा प्रश्न मात्र अजून माझ्या मनात आहे. नळी पंचायतीच्या नावे मागावी का? आणि २०२३ मध्ये ग्रामपंचायतींना फायबरने जोडणाऱ्या भारतनेट योजनेचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला आहे, त्यात आमच्या गावाची फायबर नव्याने येणार असेल, तर ही नळी वाया जाईल का?

हक्कमार्ग

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. सुधारित भारतनेट १,३९,५७९ कोटी रुपयांचा आहे आणि त्यात पंचायती वर्तुळाकार जाळ्याने जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने वाहिनी तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहावी. त्यासाठी प्रत्येक गावाला दोन दिशांनी मार्ग लागतो. आपल्या महामार्गाखालची तयार नळी त्यांपैकी एक मार्ग होऊ शकते. ती वाया जाणार नाही. ठरावात भारतनेटसह सर्व परवानाधारक सेवादात्यांसाठी खुली, असे शब्द आवर्जून घालावेत.

मैलाचा दगड

मालकी विभागाकडेच राहू द्यावी. नळी रस्त्याच्या हद्दीत आहे. पंचायतीने ती आपल्या नावे मागितली, तर जमिनीच्या हक्काचा प्रश्न उभा राहील आणि फाईल तिथेच थांबेल. पंचायतीने नकाशाची प्रत आणि वापराविषयी सूचना मिळण्याचा हक्क मागावा. देखभालीसाठी नळीची नोंद रस्त्याच्या पूर्णत्वाच्या नकाशात व्हावी, म्हणजे काम संपल्यानंतरच्या ठरावीक मुदतीत (दोषदायित्व कालावधीत) तिची जबाबदारी ठेकेदारावर राहते आणि पुढे ती विभागाकडे जाते.

ठरावाच्या शेवटी एक वाक्य माझ्याकडून घाला: 'नळीची मोजमापे मापन पुस्तकात नोंदवण्यापूर्वी 'जोडकाम' यांनी सांगितलेली ठोकळ्याची चाचणी शाखा अभियंता व ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी यांच्या समक्ष घेण्यात यावी.' चाचणीचे नाव तेवढे 'नळीच्या अखंडतेची चाचणी' असे करा. मोजमाप नोंदले गेले की बिल निघते, आणि त्यानंतर पुन्हा कोणी चेंबर उघडून पाहत नाही. फाट्यावरचा भराव सुरू होण्याआधी ठराव उपअभियंत्यांच्या हाती प्रत्यक्ष द्या आणि पोच घ्या.